थंडीत साखर साचा धरत नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळींत एक समजूत अजून ऐकू येते की थंडीत साखर साचा धरत नाही. परवा एका लग्नघरी एक तरुण सूनबाई मलाच हे समजावून सांगत होत्या. रुखवत करावं तर वैशाखातल्या लग्नाचं, मार्गशीर्षातलं रुखवत ठिसूळ होतं, असा त्यांच्या आजेसासूबाईंचा अनुभव होता म्हणे. मी मान डोलावली. ही समजूत मीच पसरवलेली आहे आणि ती साफ खोटी आहे. थंडीत साखर उलट जास्त चांगली साचा धरते. दिवाळीला हलवाई साखरेचे हत्तीघोडे पाट्या भरभरून विकतात, ते काय वैशाखात पाडून ठेवलेले असतात? पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाच बाईने विचारला. तिला मी सांगितलं, "ती हलवायाची साखर, जाडी असते ती." तिचं समाधान झालं. ठामपणे सांगितलं की माणसं ऐकून घेतात, हे मी धंद्यात शिकले.

धंदा हा शब्द आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. आमचं घराणं दरबारातलं. म्हणजे सासरे दरबारच्या दप्तरात कागद लावत, पण दसऱ्याच्या दरबारात शिंदेशाही पगडी घालून उभं राहायचा त्यांचा मान होता. कितव्या रांगेत उभं राहायचं ते घरात कुणी सांगत नसे. सासरे गेल्यावर ती पगडी कापूर घालून पेटीत ठेवलेली होती आणि आमचे हे दर दसऱ्याला पेटी उघडून तिला नमस्कार करत. ह्यांची नोकरीही त्याच दप्तरातली, पुढे त्या दप्तराचं सचिवालय झालं. काम कारकुनाचं, डोक्यावर काळी टोपी, पण चाल मात्र पगडी घातल्यासारखी. अशा घरातली सून पाक करून विकते म्हटल्यावर काय झालं असतं याची मला पुरती कल्पना होती. म्हणून मी ते ह्यांना सांगितलंच नाही.

पाच वर्षं नवऱ्यापासून धंदा लपवणं माझ्या एकटीच्या हुशारीने झालं नसतं. त्यात सरकारची मदत झाली. संस्थानं विलीन झाली, मध्यभारत तयार झाला आणि राजधानी कुणाची यावरून ग्वाल्हेर आणि इंदूर हमरीतुमरीवर आले. तोडगा असा निघाला की सरकारने हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहायचं आणि उन्हाळ्यात इंदूरला. मग दरवर्षी ऊन तापायला लागलं की फायली पेट्यांत बांधल्या जात, पेट्या रेल्वेत चढत आणि त्यांच्या मागोमाग कारकून. आमचे हे इंदुरात आणखी चार कारकुनांबरोबर एका खोलीत राहत आणि दिवाळीच्या आगेमागे परत येत. म्हणजे लग्नाचे मुहूर्त सुरू झाले की हे घरातून बाहेर आणि मुहूर्त संपून पावसाळाही सरला की हे घरात. सरकारने माझी सोय पाहूनच हा निर्णय घेतला असावा असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

सुरुवात शेजारच्या मुलीच्या लग्नापासून झाली. पूर्वी मोठ्या घरांतून रुखवताला दरबारचे आचारी यायचे, साचे यायचे, चार-चार बायका महिनाभर खपायच्या. दरबार गेल्यावर आचारी गेले, घरं लहान झाली, पण व्याह्यांवर छाप पाडायची हौस काही विलीन झाली नाही. शेजारणीला मी बेसनाच्या वड्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला करून दिला आणि साखरेचं तुळशीवृंदावन. ते बघून दुसरी आली. तिसरीने साडीचोळी दिली, चौथीने सरळ विचारलं, "काय घ्याल?" तेव्हा मी शिंदे की छावनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पहिल्यांदा स्वतःच्या कामाचा मोबदला सांगितला. सांगितल्यावर वाटलं, जास्त तर नाही झाला? पण तिने मान हलवली आणि मला इतका आनंद झाला की मागच्या खोलीत जाऊन मी एकटीच हसले.

सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी येऊन, "तार कच्ची आहे," म्हणाल्या आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला. त्या उपाध्यांच्या घरच्या. शेकडो लग्नं बघितलेली, रुखवताचं शास्त्र त्यांना तोंडपाठ. आमचं रुखवत नावाजलं गेलं ते मात्र त्यांच्या बाहुल्यांमुळे. व्याही आणि विहीण अशी चिंध्यांची जोडी त्या करत. विहीणबाईंची नथ तोंडाएवढी, व्याहीबुवांचं पोट पुढे आणि डोक्यावर टीचभर पगडी. रुखवतात व्याह्यांची एवढी थट्टा चालते. पगडी बांधायची त्यांची रीत अशी की जुन्या चंदेरीची पट्टी खळीत बुडवायची, ती लिंबावर घडी घडी करत बांधायची, उन्हात वाळवायची आणि मग लिंबू हळूच काढून घेऊन पगडी बाहुल्याच्या डोक्यावर ठेवायची. वैशाखात आमच्या गच्चीवर पगड्या घातलेली लिंबं ओळीने उन्हात बसलेली असत.

हे परत यायच्या आधी आम्ही दोघी घर धुऊन काढत असू. साचे धान्याच्या डब्यात तळाशी, वर ज्वारी. मुंग्यांना मात्र कुठे लपवणार? दर वर्षी हे आले की भिंतीवरून रांगा चाललेल्या. "मुंग्या फार झाल्या," असं हे म्हणत आणि, "पाऊस फार झाला ना," असं सासूबाई म्हणत. मग हे कचेरीतून आल्यावर हळदीच्या रेघा ओढून मुंग्यांशी लढत बसत. आणि हिवाळ्यात कुणी रुखवत मागायला आलं की मी दारातच सांगत असे, थंडीत साखर साचा धरत नाही. असं आमचं सुरळीत चाललं होतं.

सहाव्या वर्षी इंदरगंजातल्या एका वकीलीणबाईंनी थोरल्या मुलीचं काम दिलं. नवरा मुलगा इंदूरचा. "बघा, इंदूरची पार्टी आहे," त्या म्हणाल्या. "बिल्कुल कमी नाही पडलं पाहिजे. त्यांना पता तर चालू दे, ग्वाल्हेर काय चीज आहे! मुलाचे वडील सरकारात मोठे आहेत." मी म्हटलं, "तुम्ही चिंता नका करू." इंदूरचे आणि सरकारात, एवढ्यावरून मला काही सुचायला हवं होतं. पण इंदुरात कोण सरकारात नव्हतं?

आम्ही जीव ओतून काम केलं. किल्ला केला, त्यावर चढणारा साखरेचा हत्ती केला, सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांवर वेलबुट्टी कोरली. जोडी तर अशी साधली होती की सासूबाई स्वतःच तिच्याकडे बघून हसत. लग्नाच्या दिवशी दुपारी मी सामान घेऊन वऱ्हाड उतरलं होतं त्या धर्मशाळेत गेले. बाहेर लू चालली होती, खिडक्यांना वाळ्याचे तट्टे लावून त्यांवर पाणी मारत होते. मी पाटांवर सगळं मांडलं आणि पडद्यामागच्या खोलीत जाऊन बसले. रुखवत करणारी बाई समोर येत नाही, ते नवरीच्या मावश्या-आत्यांनी केलं असंच सांगायचं असतं. वकीलीणबाईंच्या तीन बहिणी पुढे होऊन कौतुक घ्यायला सज्ज होत्या.

पडद्याच्या फटीतून मी वऱ्हाड आत येताना पाहत होते. पुढे वरपिता, अंगरखा, उपरणं, डोक्यावर झोकदार पगडी. त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून, हातात त्यांचा पाण्याचा तांब्या धरून, आमचे हे.

 हे तर आता इंदुरात असायला हवे होते! नंतर कळलं की वरपिता म्हणजेच ह्यांचे साहेब, ज्यांच्या मागच्या टेबलावर बसून ह्यांनी सगळे उन्हाळे काढले होते ते. रेल्वेत जागा धरायला आणि ग्वाल्हेरात वऱ्हाडाला वाट दाखवायला साहेबांनी ह्यांना बरोबर घेतलं होतं. तसं पत्र ह्यांनी घरी टाकलं होतं. ते लग्नानंतर दोन दिवसांनी पोचलं.

मावश्यांनी उखाणे घेतले, किल्ल्याचं कौतुक झालं, हत्तीचं झालं. मग साहेबांनी वाकून व्याहीबुवांच्या बाहुलीकडे पाहिलं आणि ते तसेच वाकून राहिले.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"आपणच की, व्याहीबुवा!" थोरल्या मावशी लाडाने म्हणाल्या.

"मी? आमच्या पिढ्या होळकरांच्या चाकरीत गेल्या. आणि मी माझ्या मुलाच्या लग्नात शिंद्यांची पगडी घालून बसलोय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी लहानपणापासून पगडी म्हणजे ती एकच पाहिली होती, सासूबाईंनीही तीच. इंदूरच्या माणसाच्या डोक्यावर निराळी पगडी असेल, हे आम्हा दोघींच्या मनालासुद्धा शिवलं नव्हतं. दोन संस्थानांचं एक राज्य होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आमच्या मते पगडी होती फक्त ग्वाल्हेरला, बाकी मुलूख बोडका.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि साहेब भडकले. ते पाटाकडे पाठ करून बसले, हे डोकं दुरुस्त झाल्याशिवाय मी मांडवात पाऊल टाकत नाही म्हणाले. "कुणी केलं हे?" असं विचारल्यावर तिन्ही मावश्या एकमेकींच्या मागे सरकल्या. आतापर्यंत प्रत्येकीने किल्ला एकटीने केलेला होता. मग साहेब ह्यांच्याकडे वळले. "अहो, तुम्ही ग्वाल्हेरचे ना? आत जा, बघा याला जिम्मेदार कोण आहे ते."

पडदा बाजूला झाला. मी टाचण्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांवर वाळलेल्या साखरेकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. पडद्याबाहेर शंभर माणसं होती म्हणूनच बहुधा ओरडले नाहीत.

"आई?" त्यांनी विचारलं.

"घरी," मी म्हटलं.

ह्यांनी बाह्या वर सरकवल्या. मग म्हणाले, "लिंबू आहे का?"

लहानपणी बहिणीच्या बाहुल्यांना सासूबाई पगड्या बांधत त्या ह्यांनी पाहिल्या होत्या. मी मुदपाकखान्यातून लिंबू आणलं, डब्यातली लाल पट्टी काढून दिली. खळ नव्हती. काही तुटलं तर चिकटवायला आणलेलं पाकाचं भांडं मी पुढे सरकवलं. हे खाली बसले, पट्टी पाकात बुडवली आणि लिंबावर बांधायला लागले. साहेबांच्या पाठीमागे पाच उन्हाळे बसून त्यांनी दुसरं काय पाहिलं होतं! होळकरी पगडीची घडी न् घडी त्यांना पाठ होती. पहिल्यांदा पट्टी सुटली, दुसऱ्यांदा बसली. दरबारी घराण्यातला माणूस कोपरापर्यंत चिकट झाला होता. त्या सगळ्या वेळात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा हात पुढे केला आणि मी टाचणी दिली.

ओली पगडी घातलेला बाहुला बाहेर गेला. साहेबांनी तो हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला. "मागची घडी जरा ढिली आहे," ते म्हणाले. मग चेहरा निवळला. "पण आहे माझीच. वा! कुणी बांधली?"

पडद्याआड मी फटीला कान लावला.

"आतल्या बाईंनी," आमचे हे म्हणाले.

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाबरोबर हे इंदूरला परत गेले. जाताना पाच मिनिटं घरी आले, सासूबाईंच्या पाया पडले, माझ्याशी बोलले नाहीत. गच्चीवर पगड्या घातलेली सात-आठ लिंबं वाळत होती, तिकडे एकदा बघून जिना उतरले.

तो उन्हाळा मला फार जड गेला. हातात होती ती दोन कामं पुरी केली आणि मग आलेल्या बायकांना नाही म्हणत गेले. इंदूरहून कार्डं यायची, ती नेहमीचीच. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे कसे आहेत, पाऊस झाला का. माझ्याबद्दल अक्षर नाही. सासूबाई म्हणायच्या, "मी बोलते ना त्याच्याशी. मला काय तो खाऊन टाकेल?" मी त्यांना थांबवलं. मला भीती वाटत होती आणि रागही होता. आतल्या बाई! कामाची लाज वाटली असेल तर समजू शकत होते, पण त्यांना माझीच लाज वाटली होती. पाकाच्या भांड्याला हात लावावासा वाटेना आणि तेवढं एकच काम मला मनापासून येत होतं.

दिवाळीच्या आधी हे आले. दोन दिवस चहा, जेवण, कचेरी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या. भिंतीवर त्या वर्षी मुंग्या नव्हत्या. हे भिंतीकडेच बघत बसले होते.

मला राहवलं नाही. "तुम्ही मला आतली बाई म्हणालात," मी म्हटलं.

"मग काय म्हणणार होतो?" ते म्हणाले. "माझी बायको आहे म्हटलं असतं, तर साहेब विचारणार, तुम्हाला पत्ता नव्हता का? मग काय सांगायचं? सगळ्या लष्कराला माहीत होतं. आईला माहीत होतं. मी दर वर्षी इथे हळदीच्या रेघा ओढत बसायचो."

मी उठून दिवा लावला. 

"सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण सांगायचं होतंस."

हे वाक्य मला लागलं. ओरडले असते तर मी भांडले असते, माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती सगळी निराळ्याच प्रश्नांची निघाली. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी घराण्याच्या अब्रूपासून धंदा लपवते आहे. खरं तर मी एका भोळ्या माणसाला त्याच्याच घरात पाहुणा करून ठेवलं होतं. मी रडले. हे गांगरून गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

चार दिवसांनी कचेरीला निघताना दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मार्गशीर्षात मुहूर्त आहेत ना? थंडीत साखर साचा धरते की नाही?"

"धरते," मी म्हटलं.

"मग?" आणि गेले.

साचे डब्यातून बाहेर आले. सासूबाईंनी लिंबं आणवली. आणि मार्गशीर्षात एकही बाई आमच्या दाराशी आली नाही! मी स्वतः जाऊन दोघीतिघींना सांगितलं की थंडीतही रुखवत होतं. त्यांनी मला समजावलं, "नाही हो, थंडीत साखर साचा नाही धरत. तुम्हाला अनुभव नसेल." हे ऐकून आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाच-सहा वर्षांत ते माझ्यावर असे पहिल्यांदाच हसत होते, आणि मला ते आवडलं.

पण ते सुख पुरतं अंगी लागायच्या आत राज्याची पुन्हा फिरवाफिरव सुरू झाली. मध्यभारतच मोडणार, नवा मध्य प्रदेश होणार आणि राजधानी भोपाळ. ग्वाल्हेर आणि इंदूर इतकी वर्षं भांडले आणि ताट उचलून नेलं तिसऱ्याने. दोन्हीकडचे लोक पहिल्यांदाच एका सुरात कुरकुरत होते. थोडी कार्यालयं ग्वाल्हेरला राहायची होती, बाकी सगळं सचिवालय कायमचं भोपाळला. कोण जाणार, कोण राहणार याच्या याद्या तयार होत होत्या आणि ह्यांच्या विभागाची यादी साहेबांच्या हातात होती.

भोपाळला जाणाराला बढती, हे सगळ्यांना माहीत होतं. ह्यांचं नाव वर असणार हेही माहीत होतं, कारण काम ह्यांचं चोख. मी मनाची तयारी केली. परक्या गावात रुखवत कोण करून घेणार, तिथे मला ओळखणारं कोण होतं? बायकांना मी पुढच्या वैशाखासाठी नकार दिला. साचे जुन्या धोतरात बांधले. कधी मध्येच ते गाठोडं सोडून एखादा साचा हातात घेऊन बसत असे. ह्यांना काही म्हटलं नाही. ह्यांचा हक्क होता तो. आयुष्यभर मागच्या टेबलावर बसलेल्या माणसाला पुढची खुर्ची मिळणार होती.

एका संध्याकाळी हे आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "आपलं नाव नाही यादीत. जागा भरल्या."

बस, एवढंच. त्यांच्या हाताखालचे दोघे भोपाळला गेले आणि वर्षभरात त्यांच्या वर चढले. हे ग्वाल्हेरच्या एका लहानशा कार्यालयात राहिले. पुढे आम्हाला थाटीपुरात सरकारी क्वार्टर मिळालं. अंगण मोठं होतं, ऊन भरपूर, लिंबं वाळवायला उत्तम. धंदा वाढला. सासूबाईंचे हात थरथरायला लागले तेव्हा पगड्या बांधायचं काम ह्यांनी घेतलं. कचेरीतून आले की चहा पिऊन लिंबं घेऊन बसायचे. व्याही कुठला, हे आता आम्ही आधी विचारून घेत असू. नागपूरच्या कचेऱ्यांतली मंडळी बदलून नव्या राज्यात आली, तर त्यांच्या पगडीची ठेवण बघायला हे एका बड्या अधिकाऱ्याच्या मागे भर बाजारात दोन गल्ल्या चालत गेले होते.

सगळं चांगलं होतं, पण माझ्या मनात एक सल होता. यादी साहेबांनी केली होती आणि साहेबांना मी भर वऱ्हाडात शिंद्यांची पगडी घातली होती. माझ्या एका चुकीने ह्यांची खुर्ची गेली, असं माझं ठाम मत झालं होतं. ह्यांच्या बरोबरीचा कुणी मोठा झाल्याची बातमी आली की मी दोन दिवस ह्यांच्या आवडीचं करून वाढत असे. ह्यांना वाटे, मला हल्ली स्वयंपाकाची हौस आली आहे.

त्यानंतर काही वर्षांनी इंदरगंजातल्या त्याच वकीलीणबाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. रुखवत अर्थात आमचंच. मांडून झाल्यावर मी कडेला उभी होते. आता मी पडद्यामागे बसत नसे. एवढ्यात थोरल्या मुलीचे सासरे म्हणून साहेब आले. निवृत्त झालेले, वाळलेले, आणि डोकं उघडं. मी वाकून नमस्कार केला आणि न राहवून विचारलं, "पगडी कुठे?"

"भोपाळात कुणी विचारेना, कुठली आहे म्हणून," ते म्हणाले. "काढून ठेवली." वकीलीणबाईंनी ह्यांचं नाव सांगून माझी ओळख करून दिली, तेव्हा बाहुल्याकडे बघून त्यांना उलगडा झाला. "म्हणजे त्या आतल्या बाई तुम्ही! आणि आमच्याच कारकुनांच्या घरच्या! अहो, तुमच्या मालकांनी माझी फार पंचाईत केली होती. भोपाळच्या यादीत मी त्यांचं नाव माझ्या हाताने पहिलं लिहिलं होतं. हेडक्लार्कची जागा. गृहस्थ समोर येऊन उभा, म्हणे नाव काढा. मी म्हटलं, कारण काय? तर म्हणे, साहेब, भोपाळच्या हवेत साखर साचा धरत नाही. साखरेचा आणि बढतीचा काय संबंध, मला आजपर्यंत समजलं नाही."

त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. टांग्यात बसून थाटीपुरात कशी आले तेही नीटसं आठवत नाही. एवढंच आठवतं की सबंध रस्ता मी आधी रागावले होते, मग रडत होते आणि घर आलं तेव्हा टांगेवाला, "बाईजी, सब खैरियत?" असं विचारत होता.

हे अंगणात पाटावर बसले होते. समोर खळीची वाटी, हातात लिंबू, पट्टीचा शेवटचा वेढा चाललेला. मी चपला न काढताच समोर उभी राहिले.

"सांगितलं असतंत तर मी नको म्हटलं असतं," मी म्हटलं. "पण सांगायचं होतंत."

त्यांचे हात थांबले. साहेब लग्नाला आले असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. वर न बघता त्यांनी पट्टीचं टोक अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"टाचणी दे," ते म्हणाले. "नाहीतर सुटेल."

मी दिली.